फाईलच्या शेवटची कोरी जागा

— न्हाई न्हाई, करून देतो की. कामून न्हाई देणार? तुम्ही कलबुर्गीहून एवढं ऊन खात आलात, इथं बीदरच्या नौबादला तीन जणांना पत्ता विचारलात, अन् मी काय परत पाठवू तुम्हाला? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय — ह्या टायरवर बसा, सगळेच बसतात, एकदा एक तहसीलदार बसलते ह्याच्यावर पांढरी पँट घालून. तर हे बघा, ही वायर तुमच्या स्टेअरिंगखाली लावली, हा चार्जर बॅटरीला लावला, अन् आता हा लॅपटॉप तुमच्या गाडीचा मेंदू वाचायलाय. नुसतं वाचायलाय हां, लिहायचं नंतर. वाचताना काही बिघडत न्हाई. लिहिताना मात्र करंट हलला की मेंदू गेला, मग गाडी म्हणजे नुसती पत्र्याची खोली — म्हणून हा चार्जर. तीन टक्के झालं. अर्धा-पाऊण तास धरा. घाईचं काम न्हाई हे. घाईचं काम न्हाईच.

तर तुमचं म्हणणं काय — पिकअप पाहिजे, अन् ती मधेच बसते ते बंद पाहिजे. व्हय ना? सगळ्यांचं हेच असतंय सर. पिकअप देणं सोपं आहे. कंपनी गाडी बनवती ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांसाठी, भेसळीचं डिझेल भरणाऱ्यांसाठी, दोन वर्षं ऑइल न बदलणाऱ्यांसाठी — म्हणून ती हातचं राखून ठेवती. आम्ही ते राखलेलं बाहेर काढतो. डिझेल जरा जास्त, हवा जरा जास्त, झालं. पण ते बसणं — ते वेगळं आहे. गाडीला वाटलं की आपल्याला काहीतरी व्हायलंय, टर्बो तापलाय, तेल कमी पडायलंय, की ती स्वतःच हातपाय आखडून घेती. तुम्ही किती का पाय दाबा, ती मुंगीसारखीच चालणार. तुमची कुठं बसली? हुमनाबादच्या अलीकडं? उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना? दोन ट्रॉल्यांचा? बघा. तिथंच बसतात. समोरून काय आलतं? टँकर. व्हय. मग घाम फुटलाच असणार. बायको होती बाजूला? न्हाई ना. बरं झालं.

काय म्हणलात? आधी कुणाला दाखवलीत?

श्रीहर्षला.

न्हाई, ओळखतो की. ओळखतो म्हणजे — तुम्हाला त्यानं पाठवलं का माझ्याकडं? न्हाई? तुमचं तुम्ही शोधलंत. अन् तो काय म्हणला? करत न्हाई म्हणला. आधी टर्बोची तेलाची लाईन खोलून बघा, बसणं बंद करू नका, ती बसती म्हणून तुम्ही आहात — असं म्हणला. व्हय, त्याचंच वाक्य आहे. माझं नाव काढलं का त्यानं? काहीच न्हाई? एवढ्या गप्पा मारल्या अन् काहीच न्हाई? बरं. आता एक करा सर, त्याचं नाव माझ्या शेडमध्ये पुन्हा घेऊ नका. रागावून न्हाई सांगत. इथं कुणी घेत न्हाई, एवढंच. शेजारी डेंटिंगवाले बाबूमियाँ आहेत, ते चुकून बोलून जातात — "वो तुम्हारा इंजिनियर छोकरा" — अन् मग स्वतःच हातोडा उचलून पत्रा ठोकायला लागतात, मोठ्यानं.

आठ वर्षं होता माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे माझ्याबरोबर, पाटीवर दोघांचं नाव होतं. तो रंग नवा दिसायलाय ना पाटीवर, त्याच्याखाली त्याचं नाव आहे. मी बघा डिप्लोमावाला, दुबलगुंडीचा, घरी वडिलांची जमीन, तूर, सोयाबीन. आधी टीव्ही दुरुस्त करायचो, मग गाड्यांचे मीटर, मग हे मेंदू. हाताला वळण होतं, पण आकडे वाचता येत न्हवते. तो पुण्याहून इंजिनियर होऊन आलता, त्याला आकडे असे दिसायचे जसं तुम्हा-आम्हाला पेपरातली बातमी दिसती. त्याला सोल्डरिंग धरता येत न्हवतं — पहिल्याच दिवशी अंगठा भाजून घेतला. मी त्याला हात शिकवला, त्यानं मला डोळे दिले. असं कुणी कुणाला देत न्हाई हो ह्या धंद्यात. अन् आई न्हवती त्याला. वडील, श्रीनिवासराव, गणिताचे मास्तर, दोघं बापलेक खिचडीवर जगायलेले. तर दुपारचं जेवण आमच्याच घरी. दीपमाला — आमचं घर — त्याच्यासाठी पुंडीची भाजी वेगळी करायची, लसूण जास्त घालून. तो तिला अक्का म्हणायचा. मला अण्णा अन् तिला अक्का. ती म्हणायची, हे बरं आहे, एका घरात आम्ही दोघं तुझे भाऊ-बहीण झालो, आता आमचं काय नातं लावायचं सांग. अन् तो लाजायचा, खाली मान घालून भाकरी मोडायचा. अशा माणसानं — जाऊ द्या. किती झालं? चौदा.

चहा सांगू? न्हाई? बरं.

तर आमचा एक नेम होता. श्रीनिवासरावांचाच म्हणा, ते पेपर तपासायचे तसा. लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत न्हाई, म्हणून ज्यानं फाईल — म्हणजे मेंदूत भरायचे ते आकडे — लिहिली त्यानं ती गाडीत टाकायची न्हाई. दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचायची, मग टाकायची. मी लिहिली तर त्यानं वाचायची, त्यानं लिहिली तर मी. गिऱ्हाईक कितीही ओरडू दे. एकदा एक पुढारी उभे राहून शिव्या घालायलेले, अन् आत हा चष्मा पुसत पुसत वाचायलाय. अन् दुसरा नेम, तो ह्या धंद्यात सगळीकडंच आहे — खूण. लॉरीच्या मागं पेंटर आपलं नाव टाकतो बघा कोपऱ्यात, तसं. फाईलच्या शेवटी कोरी जागा असती, कंपनीनं सोडलेली, नुसतं एफ एफ, एफ एफ, ओळीच्या ओळी. तिथं काहीही लिहिलं तरी गाडीला फरक पडत न्हाई. ती वाचतच न्हाई ते. उद्या कुणी फाईल चोरली, आपल्या नावावर विकली, तर सापडावी म्हणून लिहायचं. तो त्याची दोन अक्षरं लिहायचा अन् तारीख. मी — मी पण लिहायचो. लिहायचो काहीतरी. तुम्हाला काय करायचंय त्याचं.

वीस टक्के.

त्यानं काय केलं विचारायलात? तुम्ही न्हाई विचारलं, तुमचं तोंड विचारायलंय. सांगतो, त्यात लपवायचं काय. त्यानं माझं मीठ खाल्लं अन् माझ्या घरात येऊन, माझ्या बायकोपुढं — थांबा, पहिल्यापासून सांगतो, न्हाईतर तुम्हाला वाटायचं मीच.

माझा मेहुणा होता, प्रेमानंद. दीपमालाचा धाकटा भाऊ, करजगीचा. अफजलपूरला बी-बियाण्याची एजन्सी. बोलायला असा गोड की शेतकरी बियाणं घ्यायला यायचे अन् तासभर नुसतं हसून जायचे. त्यानं गाडी घेतली, अन् घेतली की आला थेट इथं. म्हणला, "दाजी, तुमच्यासारखा दाजी असताना माझी गाडी बैलासारखी चालती, लोक थुंकतील तुमच्या तोंडावर." मी दिलं करून. पिकअप. फाईल मी लिहिली, श्रीहर्षनं वाचली, दोन ठिकाणी कमी केलं, म्हणला अण्णा एवढं नको, टर्बो लहान आहे हिचा. मी म्हणलं बरं. तशी टाकली. वर्षभर काही झालं न्हाई. प्रेमानंद फोन करायचा — दाजी, करजगी ते बीदर, अमुक तासांत. मी म्हणायचो हळू ये बाबा, तुझी बहीण माझा जीव खाईल. अन् ती मागून ओरडायची, "सांगा त्याला, पंचमीला न्यायला यायला तो जिवंत पाहिजे मला."

असं हसत म्हणायची.

मग मागच्या माघात, ऊस चाललेला, तो आला. म्हणला, दाजी, गाडीनं मला मारलंच असतं आज. तुमच्यासारखंच, ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मधोमध गेला अन् गाडी बसली. समोरून बस. कसा आत घुसला त्याला माहीत न्हाई. म्हणला, हे बसणं काढून टाका, आत्ताच्या आत्ता, मला संध्याकाळी अफजलपूरला डीलर लोकांची मीटिंग आहे. आता तुम्ही सांगा सर, मी काय करायचं? सांगा ना. तुम्ही पण तेच मागायलात. माणूस मरता मरता वाचला, तो म्हणायलाय माझी गाडी ऐन वेळेला हातपाय गाळती, ते थांबवा. ह्याच्यात माझं काय चुकलं? बसणारी गाडी धोक्याचीच की.

श्रीहर्षनं वाचायची होती ती फाईल. नेमच होता. न्हाई वाचली त्यानं. त्यानं वाचली असती तर — हेच तर म्हणायलोय मी. नेम त्यानं मोडला.

न्हाई, म्हणजे तो नव्हता त्या वेळेला. बसवकल्याणला गेलता, एका गाडीचा सेन्सर आणायला. व्हय, मीच पाठवलं. सेन्सर पाहिजेच होता. त्या दिवशीच पाहिजे होता असं न्हाई, पण पाहिजे होता. त्याचं सकाळी चाललंच होतं — अण्णा, ही बसती कामून ते बघू आधी, टर्बोला तेल कमी जायलंय, लाईन खोलू, दोन दिवस गाडी ठेवून घेऊ, प्रेमानंदअण्णाला बसनं जाऊ द्या. बसनं! माझा मेहुणा, मीटिंगला, बसनं. प्रेमानंदच्या पुढंच बोलला. प्रेमानंद माझ्याकडं बघायलाय. म्हणजे तुम्ही समजा, दुकान माझं, नातं माझं, अन् हा मला शिकवायलाय माझ्या बायकोच्या भावापुढं. मी म्हणलं, तू जा, सेन्सर घेऊन ये. तो गेला. जाताना दारात थांबला, म्हणला, अण्णा, मी येईपर्यंत टाकू नका. मी म्हणलं, बरं.

वीस मिनिटांचं काम आहे ते. बसण्याची जी अट असती, ती अट एवढी वर नेऊन ठेवायची की गाडी तिथं कधी पोचणारच न्हाई. अन् तो पिवळा दिवा लागतो ना मीटरमध्ये, तो पण शांत करायचा. लोक असंच म्हणतात, "दिवा शांत करून द्या." विझवा म्हणत न्हाईत. मी शांत केला.

एकोणीस दिवस.

कमलापूरच्या अलीकडं. लॉरी ओलांडताना. ह्या वेळेला बसली न्हाई गाडी. बसली असती तर — जोरात होती, एकदम जोरात, मागनं येणाऱ्या जीपवाल्यानं सांगितलं, ती गाडी म्हणे बाणासारखी चाललेली. टर्बोला तेल न्हवतं. तो तुटला, तुकडे आत गेले, इंजिन जागच्या जागी गोठलं, चाकं धरली. लॉरीच्या खाली. मी बघितलं न्हाई. मला बघू दिलं न्हाई. हात तेवढा बघितला, घड्याळ चालू होतं.

पंचेचाळीस टक्के. चांगलं चाललंय. तुमच्या गाडीचा मेंदू आज्ञाधारक आहे, काही काही मधेच तोंड फिरवून बसतात.

गाडी हुमनाबादला यार्डात आणून ठेवली. आता इन्शुरन्सचा माणूस येणार, त्यानं मेंदू वाचला तर त्याला फेरफार दिसणार. माझं सोडा हो, त्या घराला काही मिळालं नसतं. सासूबाई, सुशीलाबाई, एकट्या. मी त्यांचाच विचार केला. प्रत्येक गाडीची मूळ फाईल आम्ही जपून ठेवतो, कंपनीची, कोरी. मी श्रीहर्षला म्हणलं, माझ्यानं त्या गाडीजवळ जाववत न्हाई, तू जा, मूळ फाईल परत टाकून ये. तो लॅपटॉप घेऊन गेला. संध्याकाळी आला, म्हणलं टाकलीस का, म्हणला, झालं अण्णा. झालं. एवढंच. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो सर. दहा वर्षांनी धाकटा माझ्याहून, त्याच्या गळ्यात पडून.

अन् त्यानं टाकलीच नव्हती. वाचून लॅपटॉपमध्ये ठेवून घेतली होती नुसती. जशी आत होती तशी, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. गाडी तशीच ठेवून आला. अन् गंमत बघा — तो इन्शुरन्सवाला आला, चार फोटो काढले, पत्र्याला हात लावला अन् गेला. वायर पण न्हवती त्याच्याकडं. कुणीच वाचणार न्हवतं. जगात कुणीच वाचणार न्हवतं ती फाईल. मीच त्याच्या हातात लॅपटॉप देऊन पाठवलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं कामून ठेवली वाचून? माझ्याविरुद्ध काय होतं त्याला? तेव्हा काहीच न्हवतं. पुढं झालं. दहाव्या दिवशी करजगीला सगळे बसलेले, बायका आत, पुरुष बाहेर, अन् कुणीतरी विषय काढला की गाडीत काय केलतं म्हणे बीदरला. दीपमाला माझ्याकडं बघायलीय असं मला वाटलं. बघत नसेलही. सासूबाई बघायलेल्या. मग तिथं असं समजलं की ती शेवटची फाईल श्रीहर्षनं लिहिलती.

समजलं म्हणजे — बोलण्यात आलं.

कुणीतरी बोललं असेल.

मी म्हणलो. बस्स? एकदाच म्हणलो. "हे सगळं कॉम्प्युटरचं काम श्रीहर्ष बघतो." एवढंच वाक्य. खोटं पण न्हाई ते, बघायचाच की तो. मला वाटलं घराचं घरात राहील, दहा दिवसांत विसरतील. दीपमालानं विसरलं न्हाई. तो तेराव्याला आला, तर तिनं त्याच्या पुढ्यात पाणी पण ठेवलं न्हाई. ज्याच्यासाठी लसूण जास्त घालायची, त्याच्यासमोरून उठून गेली. तो माझ्याकडं बघायलाय, मी पत्रावळ्या मोजायलोय. त्याला कळलं. आकडे वाचणारा माणूस, त्याला माझं तोंड वाचता येणार न्हाई?

बोलायला पाहिजे होतं त्यानं तेव्हाच. माझ्याशी भांडायचं. इथं ह्या शेडमध्ये माझी कॉलर धरायची, मी काही म्हणलं नसतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी तिथंच — न्हाई, काही न्हाई. चार-पाच महिने गप्प. दुसऱ्या दिवशी कामाला आला, फायली वाचल्या, अण्णा ही जास्त आहे, अण्णा ही ठीक आहे. दुपारी डबा आणायला लागला, खिचडीचा, तिथं त्या चार्जरच्या मागं बसून खायचा. मी म्हणायचो, घरी चल, मी बोलतो तिच्याशी. म्हणायचा, तुम्ही बोला अण्णा, मग येतो. रोज म्हणायचा. मी बोललो न्हाई. आज बोलू, उद्या बोलू. ती झोपेत भावाचं नाव घ्यायची, त्यात मी काय बोलू?

मग पंचमी आली.

तुमच्याकडं पण आहे ना ते? भावाचा उपवास, अन् मग भाऊ येतो बहिणीला माहेरी न्यायला, मुराळी. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं प्रेमानंद मुराळी आला. पहिल्यांदा आला तेव्हा हाफ पँटमध्ये होता, एसटीत ओकून घेतलं होतं सगळ्या शर्टावर. तर ह्या वर्षी कोण येणार? दीपमालानं उपवास धरला. मी म्हणलं अगं, कुणासाठी? ती म्हणली, सवयीनं. सकाळी मी दाढी करायलो, ती दारात रांगोळी काढायली — कामून काढायली तिलाच माहीत — अन् फाटक वाजलं. श्रीहर्ष. नवा पांढरा शर्ट. हातात पिशवी, त्यात साडी, नारळ, लाह्या. दारातच उभा राहिला. म्हणला, "अक्का, मुराळी आलोय. पण आत येत न्हाई. आधी एक कागद बघा, मग यायचं तर या, न्हाई तर मी जातो."

बघा सर. मुराळी म्हणून आला. भाऊ म्हणून आला. वैऱ्याला सुद्धा कुणी मुराळी म्हणून आल्यावर दारातून हाकलत न्हाई. हे त्याला माहीत होतं. म्हणून त्या दिवशी आला. ह्याला तुम्ही काय म्हणता? मी विश्वासघात म्हणतो. घरात शिरायला भावाचं नातं वापरलं त्यानं.

कागद म्हणजे त्या फाईलचं शेवटचं पान. छापून आणलं होतं. नुसत्या आकड्यांच्या ओळी, एफ एफ, एफ एफ, अन् उजव्या अंगाला ठिपके. ती दहावी शिकलेली, तिला काय कळणार? पण ठिपक्यांच्या मधोमध इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत नऊ अक्षरं. ती तिला कळली.

तिचंच नाव.

माझी खूण तीच आहे सर. पहिल्या फाईलपासून. काय लिहावं सुचेना, तिचं लिहिलं. शुभ म्हणून म्हणा, लाजेनं तोंडानं कधी तिचं नाव घेतलं न्हाई म्हणून म्हणा. बीदर, हुमनाबाद, भालकी, उदगीर, सगळ्या गाड्यांत फिरायलंय तिचं नाव अन् तिला माहीत न्हवतं. एका माणसाला माहीत होतं. तो हसायचा मला. म्हणायचा, अण्णा, अक्काला सांगू का एकदा? मी म्हणायचो, मार खाशील. मोठी गोष्ट होती ती आमच्या दोघांतली. लहानच म्हणा, पण आमची. ती त्यानं काढली अन् तिच्या हातात दिली. दुसरं काहीही दाखवायचं होतं. तारीख दाखवायची, वेळ दाखवायची, सगळं होतं त्याच्याकडं. त्यानं ते पान निवडलं.

दुसरं काही दाखवलं असतं तर तिला पटलं नसतं, व्हय. तेही खरं आहे.

मी दाढीच्या फेसानिशी बाहेर आलो. ती त्या कागदाकडं बघायली, बोटाला रांगोळी. म्हणली, "हे माझं नाव कुणी लिहिलं?" श्रीहर्ष खाली बघायलाय. म्हणजे बोलला न्हाई तो, माझं नाव त्याच्या तोंडून न्हाईच आलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "प्रेमाच्या गाडीत हे होतं?" फेस वाळायला लागला तोंडावर, ते आठवतंय. मग ती म्हणली, "सगळ्या गाड्यांत आहे?" मी म्हणलं, व्हय. "किती?" म्हणलं, तीनशे बारा. ती आत गेली. दोन लुगडी, आईसाठी आणून ठेवलेल्या गोळ्या, भावाचा फोटो, एवढं घेतलं. रडली न्हाई, ओरडली न्हाई. त्याच्या गाडीत बसली, मागच्या सीटवर, मुराळ्याच्या गाडीत बसतात तशी. काच खाली करून एवढंच म्हणली, "ते काढून टाका. सगळ्यातून काढून टाका. मग बघू."

पंचमीला माहेरी गेलेलं माणूस आठ दिवसांत परत येतं. आता दिवाळी होऊन गेली.

तीनशे बारा सर. अर्ध्या गाड्या विकल्या गेल्यात, काही आंध्रात गेल्यात, काहींचे मालक म्हणतात मस्त चाललीय, हात लावायचा न्हाई. कुणाला सांगू की तुमच्या गाडीत माझ्या बायकोचं नाव आहे, काढू द्या? हसतील. तरी बावन्न काढल्यात. फुकट. त्यातल्या अकरांमध्ये ते बसणं बंद केलेलं होतं, मीच केलेलं, प्रेमानंदच्या आधी. ते परत चालू करून दिलं. दोघं शिव्या देऊन गेले.

अन् तो तिकडं दुकान टाकून बसलाय, कलबुर्गीला. करजगी तिथून जवळ. सासूबाईंना दवाखान्यात तोच नेतो म्हणे. जेवतो म्हणे तिथं.

किती झालं — शंभर? बघा, बोलता बोलता. झाली वाचून. थांबा, आधी ही मूळ ठेवून देतो, तुमच्या नंबरानं. ही बघा. ही तुमची डिझेलची पानं, ही हवेची, अन् हे इथं — हेच ते, बसण्याची अट. हा आकडा. हा एवढा वर नेला की संपलं, तुमची गाडी पुन्हा बसणार न्हाई. एवढंसंच आहे. अन् ही शेवटची जागा. कोरी आहे. कुणाचा हात लागला न्हाई अजून तुमच्या गाडीला, श्रीहर्षनं पण नुसतीच बघून सोडली. बघा, एफ एफ, एफ एफ, किती स्वच्छ. इथं लिहायचं असतंय. मी आधी हीच जागा भरतो, मग बाकीचं, सवय आहे, इथं कर्सर आणायचा अन् — डी, ई, ई, पी, ए —

— 

काही न्हाई. बोटं गेली. एक मिनिट.

पुसलं. पुसलं ना? तुम्ही बघा, माझा चष्मा — सगळीकडं एफ एफच आहे ना? बरं.

न्हाई सर. न्हाई जमायचं. लॅपटॉप बंद करतो, वायर काढतो. तुमच्या गाडीला मी काहीच केलं न्हाई, जशी आली तशी आहे, लिहून पाहिजे तर लिहून देतो. पैशाचं काय काढलंत, काही केलंच न्हाई तर कशाचे पैसे? ठेवा ते. आधी टर्बोची तेलाची लाईन खोलून बघा, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल, बसनं जावा. व्हय, बसनं. कुठं खोलायची? त्याच्याकडंच खोला. त्याला हात लावू द्या, सोल्डरिंग येत न्हाई त्याला अजून नीट, पण लाईन खोलता येती. माझ्याकडं आलतात हे सांगू नका. न्हाई, काही निरोप न्हाई. निरोप काय द्यायचाय.

किल्ली घ्या. रिव्हर्स घेताना डावीकडं बाबूमियाँचं मडगार्ड आहे, सांभाळा. अन् फाटक ओढून घ्या जाताना — उघडं राहिलं की कुत्री येतात.